सुया टोचलेलं गुंतवळ

१

आवडाबाईने थोरल्या सुनेचं गाठोडं उपसलं ते हरवलेला अडकित्ता शोधायला. अडकित्ता काही मिळाला नाही. लुगड्याच्या घडीतून निघाली ती केसांची जुडी, अंगठ्याएवढी जाड, काळीभोर, लाल दोऱ्याने आवळलेली आणि दोन सुया आरपार टोचलेली.

एवढे लांब केस त्या घरात एकीचेच होते, धाकट्या सुनेचे, लक्ष्मीचे. आणि लक्ष्मीचे केस गेले दोन महिने मूठमूठ गळत होते. पाच गावांत जिच्या अंबाड्याचं कौतुक, तिचा पदर सरकला की आता टाळू दिसायची.

फणीला आलेलं गुंतवळ खाडीकाठच्या बायका उघड्यावर टाकत नसत. बोटाभोवती गुंडाळायचं, त्यावर थू करायचं आणि कुडाच्या फटीत खोचून ठेवायचं. वैऱ्याच्या हाती केस लागले तर त्या बाईचं काही खरं नाही, अशी पक्की समजूत. लक्ष्मीच्या फटीतलं गुंतवळ पंधरा दिवसांपासून नाहीसं होत होतं. ते कोण नेतं याचं उत्तर आता आवडाबाईच्या मांडीवर पडलं होतं, सुयांसकट.

सन १८८४चा शिमगा नुकताच सरला होता. मीठ ओढायचे दिवस, त्यामुळे घरचे पुरुष पहाटेपासून मिठागरात असायचे. सासरा परशुराम आणि थोरला मुलगा गोविंदा दुपारी जेवायला आले तेव्हा घरात चूल पेटलेली नव्हती. आवडाबाईने जुडी पुढे टाकली. गोविंदाची बायको शालू भिंतीला टेकून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मी वाईट काय केलं नाय." मग हे काय आहे म्हणून सासूने दहा वेळा विचारलं, तरी तिने तोंड उघडलं नाही.

मग ठरलं ते असं. परवा अमावास्या. शीळकडचा भगत येईल आणि करणी कोणाची ते सांगेल. त्याने शालूचं नाव घेतलं की ती शहाडला माहेरी जाईल ती कायमची, आणि तिची दोन्ही लेकरं इथेच राहतील. भगत कोणाचं नाव घेणार हे सांगायला भगताची गरज नव्हती.

गोविंदा न जेवताच उठला आणि मानपाड्याची वाट चालू लागला.

२

मानपाड्याला रंगूबाई न्हावीण राहत असे. नवऱ्या मुलींची न्हाणी, बाळंतिणींची डोकी, जटा, उवा, खवडे, यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. जीभही तशीच, वस्तऱ्याला लाजवणारी. घरी ती एकटीच असे. तिचा नवरा गुणाजी वस्तरा-कात्रीची धोपटी घेऊन भुसावळच्या रेल्वे लाइनीवर गेला होता. "पावसाच्या आत येतो" म्हणाला होता. त्याला बारा पावसाळे झाले. रंगूबाई मात्र "आमच्या ह्यांना तिखट चालत नाही" असं अजून सांगे, जणू तो आत्ता पानावर येऊन बसणार आहे.

गोविंदाने सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "केसांचं कोडं भगताला कशाला घालता? त्याच्या डोक्यावर तरी आहेत का?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फणी कनवटीला लावून ती हजर झाली.

आवडाबाईला हे मुळीच रुचलं नव्हतं. पण थोरला मुलगा हटून बसला होता आणि अमावास्येला एक दिवस बाकी होता. तिने जुडी रंगूबाईसमोर ठेवली, हात न लावता, काडीने ढकलत.

रंगूबाईने ती सरळ उचलली. उन्हात नेऊन उलटीपालटी केली. दोन केस ओढून डोळ्यांशी धरले. केसाच्या एका टोकाला मोहरीच्या शंभराव्या भागाएवढा पांढरा ठिपका होता. जुडीच्या त्या अंगाचे झाडून सगळे केस तसेच. दुसऱ्या अंगाला ठिपका एकालाही नव्हता.

"कापलेले नाहीत, तुटलेले नाहीत," ती म्हणाली. "मुळासकट आपणहून आलेत."

"करनीनंच," आवडाबाई म्हणाली.

रंगूबाई हसली. मग तिने तेल मागितलं. तेल शालूच कढवत असे, खोबरेलात माका आणि जास्वंद घालून. त्यात काहीतरी मिसळलं होतं असं आवडाबाईचं म्हणणं. रंगूबाईने तेलाचा वास घेतला, जिभेला लावून पाहिलं आणि हे घरात कोण कोण लावतं ते विचारलं. सगळेच लावत होते, आवडाबाईसुद्धा.

"मग तुमचे का नाही गेले?"

आवडाबाईचा हात नकळत कपाळाकडे गेला. तिथले गेलेच होते, बोटभर मागे सरकून. रंगूबाईने तिचा अंबाडा हलवून पाहिला. दगडासारखा घट्ट.

"हे तेलानं नाही. तीस वर्षं कानशिलं ताणून बांधता त्यानं. जरा सैल बांधा. केसांनाही श्वास लागतो म्हणतात, मला काही दिसला नाही, पण ओढ सहन होत नाही हे नक्की."

तेल निर्दोष ठरलं. पण सुया होत्याच. आवडाबाईने जाता जाता सांगून ठेवलं की उद्या दुपारपर्यंत काय ते दाखव, नाहीतर आपल्या वाटेनं जा.

३

लक्ष्मी मागच्या पडवीत बसली होती. बावीसेक वर्षांची, उंच, गव्हाळ, कधीकाळी अंगाने भरलेली असावी. हातातला हिरवा चुडा हात उचलला की थेट कोपरापर्यंत घसरायचा. पायाशी एक तांबडा कुत्रा लोळत होता. रंगूबाई आली तरी त्याने मान वर केली नाही. इतका धष्टपुष्ट कुत्रा तिने मिठागरात कधी पाहिला नव्हता.

रंगूबाईने तिला पुढ्यात बसवलं आणि केस सोडले. बोटांनी भांग पाडत सगळं डोकं पाहिलं. नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे कुठे नव्हते, म्हणजे चाई नव्हे. खवडे नव्हते, कोंडा नव्हता, ऊ औषधाला नव्हती. कपाळावरची रेघ जागच्या जागी होती. केस सगळीकडून सारखेच विरळ झाले होते. तिने नुसती बोटं फिरवली तरी पाच-सात केस हातात आले.

"कधीपासून गं?"

"पौष सरता सरता," लक्ष्मी म्हणाली.

रंगूबाईने बोटांवर महिने मोजले. केस आज गळतो त्याचं कारण आजचं नसतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. अंगावर काही मोठं कोसळलं की केस लगेच जात नाहीत. दोन-तीन महिने गप्प राहतात आणि मग एकदम जातात. पौषातून तीन महिने मागे गेलं की दिवाळी.

"दिवाळीत काय झालं होतं?"

लक्ष्मीचा खांदा रंगूबाईच्या हाताखाली ताठ झाला. तिने खाडीकडे तोंड वळवलं. भरतीचं पाणी चढत होतं आणि मिठाने भरलेला एक पडाव कल्याणच्या अंगाने चालला होता. तो वळणाआड जाईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

मग तिने सांगितलं. तिचा नवरा काळुराम दीड वर्षापूर्वी नारळी पुनवेनंतर गलबतावर चढला. ते गलबत दिवाळीत परतलं, काळुरामशिवाय. गलबतावरचा म्होरक्या, तांडेल, म्हणाला, अंगात ताप होता म्हणून तो कराचीत उतरला, निघायच्या दिवशी धक्क्यावर आलाच नाही. त्यानंतर काही निरोप नव्हता.

"जाताना त्यानं माझी वेणी हातात धरलेली," लक्ष्मी म्हणाली. "मना बोलला, हीच बगून मी तुला लांबनं वलखीन. आता तो आला, तं कशानं वलखील मावशी?"

रंगूबाईने तिचे सुटे केस गोळा करून हलकेच गाठ मारली. गुणाजीला रंगूबाईचे केस धुतल्यावर उन्हात वाळवताना पाहायला आवडे. बारा वर्षांत ती कधी उन्हात केस वाळवायला बसली नव्हती.

४

शालू पाणवठ्यावर सापडली. रंगूबाईने तिला सरळ विचारलं, की जुडी तू बांधलीस ना? शालूने हो म्हटलं. कशासाठी, तर गप्प.

"उद्या तुझी लेकरं तुटतील."

"दहा वर्सं ह्यांच्या घरात भाकरी थापते मी," शालू म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "दहा वर्सांत भरवसा नाय बसला, तो आता मी बोलल्यावर बसंल? आनि मी बोलले, तं ते लक्ष्मीच्या कानावर जाईल. तिच्या कानावर नाय गेलं पायजे."

एवढं बोलून तिने हंडा डोक्यावर घेतला. रंगूबाईला जे हवं होतं त्यातलं अर्धं मिळालं होतं. शालू लक्ष्मीपासून काहीतरी लपवत होती, आणि ते वैर नव्हतं.

उरलेलं अर्धं लक्ष्मीकडे होतं. रंगूबाई परत पडवीत आली आणि तिथे तिच्या हातून चूक झाली. आपला आवाज मोठा आहे हे ती विसरली.

"हे बघ पोरी, मुळासकट असे सगळीकडून केस जातात ते दोन-तीनच गोष्टींनी. मोठा ताप. तो तुला आला होता का?"

"नाय."

"नाहीतर बाळंतपण. तीन महिन्यांनी बाळंतिणीचे केस असेच जातात, अगदी असेच."

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दारात आवडाबाई उभी होती, हातातलं सूप निसटलेलं, तांदूळ पायाशी विखुरलेले. तिचा मुलगा दीड वर्ष घरी नव्हता. ती लक्ष्मीच्या पोटाकडे बघत होती.

५

आता रंगूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. एका सुनेवरचं बालंट उतरवायला आलेल्या बाईने दुसऱ्या सुनेवर त्याहून मोठं चढवलं होतं. तिने आवडाबाईला हाताला धरून बाहेर नेलं, बाळंतिणीच्या खुणा केसांबाहेरही असतात आणि या पोरीच्या अंगावर त्यातली एकही नाही असं शपथेवर सांगितलं. आवडाबाईने ऐकून घेतलं. पण संशय एकदा घरात शिरला की तो ऐकून घेतल्याने बाहेर जात नाही. उद्या भगत दोघींचीही नावं घेऊ शकत होता.

रंगूबाई त्या दिवशी घरी गेली नाही. जेवणवेळ झाली तेव्हा ती ओसरीच्या कोपऱ्यात बसून पाहत राहिली. आधी पुरुष जेवले. मग लेकरं. मग आवडाबाई आणि शालू, एकमेकींकडे पाठ करून. सगळ्यात शेवटी लक्ष्मीने आपलं ताट वाढून घेतलं, भात, सुकटाची कढी, दोन तळलेले बोंबील, आणि चुलीचा धूर सोसत नाही म्हणत ती मागच्या दाराने बाहेर गेली. सकाळपासून लोळत पडलेला तांबडा कुत्रा उठला आणि शेपटी हलवत तिच्या मागोमाग निघाला.

रंगूबाई तिथल्या तिथे बसून राहिली. बारा वर्षांपूर्वीचं स्वतःचं मागचं दार तिला दिसत होतं. तिच्याकडे कुत्रा नव्हता, शेजारणीची शेळी होती.

तिसरं कारण तिने तोंडाने म्हटलं नव्हतं आणि नशीब की म्हटलं नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्यांना अंगणात बसवलं. भगत यायला अवकाश होता. लक्ष्मीला तिने आपल्याजवळ बसवलं आणि तिच्या हातावर हात ठेवला.

"तू बोलायचं नाहीस. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. मान हलवायची नाही. काही झालं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलणार मी आहे."

लक्ष्मीने तिच्याकडे पाहिलं.

रंगूबाईने आधी जुडी हातात घेतली. "पांढरे ठिपके सगळे एका बाजूला. म्हणजे मुळं एकीकडे, शेंडे एकीकडे. गुंतवळाचा गोळा सोडवून एकेक केस असा लावायला किती दिवस लागले असतील? करणी करणारी एवढा जीव जाळत नाही. तिला गोळाच पुरतो. केस असे एका दिशेनं लावतो तो अंबाड्यात भरायचं गंगावण करणारा, कारण उलटसुलट बांधले तर चार दिवसांत त्याची जट होते. आणि सुया आहेत शेंड्याला गोंडा शिवायला." ती शालूकडे वळली. "काळुराम आला तर लक्ष्मीचा अंबाडा तिच्याच केसांचा भरलेला दिसावा, म्हणून ना गं? आणि तिला कळू दिलं नाहीस, कारण तसं म्हटलं तर तुझे केस आता गेलेच असं तिच्या तोंडावर म्हटल्यासारखं होईल."

शालूने पदर तोंडात धरला. गोविंदा खाली बघू लागला. लक्ष्मी तिच्याकडे नुसती बघत राहिली. बोलायची तिला बंदी होती.

"मग केस गेले कशानं?" परशुरामने विचारलं.

रंगूबाई उठून मागच्या दारी गेली आणि गवताच्या गंजीआडून एक मातीची परळ घेऊन आली. तिच्या तळाशी कालचा भात चिकटला होता आणि बोंबलाचा काटा.

"भुकेनं," ती म्हणाली. "पाच महिन्यांच्या भुकेनं. या घरात रोज मासळी शिजते आणि तुमच्या सुनेचा चुडा कोपरापर्यंत सरकतो. तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघा, आत रक्ताचा टिपूस नाही. अन्न कमी पडलं की अंग आधी काळीज सांभाळतं, केसांना वाऱ्यावर सोडतं. तुमचा कुत्रा मात्र बघा कसा दिसतो."

"पन खात का नाय ती?" आवडाबाईचा आवाज चढला. "कोन नको बोललंय तिला?"

"गलबत आलं आणि तुमचा मुलगा आला नाही, त्याच दिवशी तिनं देवीला काहीतरी बोलून घेतलंय. तो उंबऱ्यात पाय ठेवीपर्यंत वाटीभर पेज आणि बाकी काही नाही, असंच काहीसं. मनातला नवस ओठावर आणला की फुकट जातो, असं आपण सगळ्याच मानतो. म्हणून ती शालूला वाचवू शकली नाही. बोलली तर नवरा गेला, नाही बोलली तर जाऊ गेली. गेले दोन दिवस ही पोरगी या दोन्हींच्या मधे बसली आहे."

लक्ष्मीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिने मान हलवली नाही, की हात काढून घेतला नाही.

"हे तुला कुनी सांगितलं?" आवडाबाईने विचारलं.

"कुणी नाही. मी बारा वर्षांपूर्वी हेच केलं होतं. वर्षभर. माझ्या डोक्यावर एवढेसुद्धा राहिले नव्हते."

७

मग आवडाबाई हळूच म्हणाली की नवस आता उघडा पडला, आता त्याचं काय होणार. तिच्या आवाजात पहिल्यांदाच राग नव्हता, नुसती भीती होती.

"तिनं सांगितला नाही. मी ओळखला. ओळखणाऱ्याला देवी अडवत नाही."

"तरी पन मोडायचा नाय," आवडाबाई म्हणाली. ती लक्ष्मीसमोर येऊन बसली. "नवस घरातल्या कोनीबी पाळला तं चालतो. बाय, तुजा तो नवरा हाय, तसा माजा पोर हाय. तू एकटीच कशी उपाशी ऱ्हायलीस त्याच्यासाठी? आजपासून तुजा उपास माजा."

"एकीनं रोज करायचा नाही," रंगूबाईने तिथेच दम भरला. "नाहीतर चार महिन्यांनी मला तुमचं डोकं बघायला यावं लागेल, आणि तिथे आधीच फार काही नाही. वार वाटून घ्या."

शालूने सोमवार आणि गुरुवार मागितला. गोविंदाने मंगळवार घेतला. परशुराम दाढी खाजवत बराच वेळ बसला होता. बोंबलाशिवाय घास न उतरणारा माणूस तो. "शनवार मना द्या," तो शेवटी म्हणाला, आणि उठून मिठागराकडे गेला. उरलेले दोन आवडाबाईने घेतले. लक्ष्मीला शुक्रवार दिला, तोही दूध पिऊन.

भगत आला तेव्हा त्याला सुपारी आणि नारळ देऊन वाटेला लावलं. आवडाबाई तेलाची वाटी घेऊन आली, शालूपुढे पाठ करून बसली आणि आपला दगडासारखा अंबाडा तिने स्वतःच सोडला. "सैल बांद," एवढंच म्हणाली. शालूने थोडा वेळ हात मांडीवर ठेवले, मग तेलात बोटं बुडवली.

रंगूबाईने लक्ष्मीला वाढलं. वाढता वाढता बजावलंही, की एकदम पोटभर नको, आठ दिवस थोडं थोडं. मासळी, नाचणी, तीळ, पालेभाजी, संध्याकाळी आळिवाची खीर. ओले केस विंचरायचे नाहीत, शिकेकाईचं पाणी कढत घ्यायचं नाही, आणि केस गळतात म्हणून फणी टाळायची नाही, जायचे ते जाणारच. अजून दोन-तीन महिने गळतील, घाबरायचं नाही. मग कपाळापाशी बाळकेस दिसतील आणि महिन्याला अर्ध्या पेराने वाढतील.

लक्ष्मीने पहिला घास तोंडात घेतला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला. मग गिळला. दुसरा जरा सोपा गेला.

"मावशी," तिने खाली बघतच विचारलं, "तुमचे केस परत आले?"

"आले की. सहा-सात महिन्यांत. आधीपेक्षा दाट."

लक्ष्मीने पुढचं विचारायला तोंड उघडलं. रंगूबाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं आणि तिचे दाट केस कित्येक दिवस न सोडल्यासारखे घट्ट बांधलेले होते. लक्ष्मी त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिने काहीच विचारलं नाही. रंगूबाईने तिच्या भातावर आणखी एक पळी कढी घातली आणि ताट रिकामं होईपर्यंत ती तिच्याजवळ बसून राहिली.